क्वीनला कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचं?

"ताई, क्वीन कुठे टाकू?"

आमच्या लॅबमधला ज्युनियर गेला महिनाभर एक कंटाळवाणं काम करतोय. गाण्यांचे तुकडे ऐकायचे आणि प्रत्येकाला लेबल लावायचं. रॉक, जॅझ, पॉप, डिस्को, मेटल वगैरे. माझी पीएचडी ध्वनीच्या वर्गीकरणावर आहे. म्हणजे नुसता आवाज ऐकून तो कशाचा आहे हे कॉम्प्युटरला कितपत ओळखता येतं, यावर. संगीत हा त्यातला एक भाग. कॉम्प्युटरला शिकवायचं तर आधी माणसांनी लेबल लावलेली उदाहरणं लागतात, आणि ती लावायचं काम नेहमी लॅबमधल्या सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मीही ते केलंय.

"रॉकमध्ये टाक की," मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं.

"अगं, कुठलं गाणं ते तरी विचार ना. हे रॉक नाहीये."

त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. 'गुड कंपनी' नावाचं गाणं होतं. शेवटाकडे चक्क जुन्या अमेरिकन जॅझ बँडसारखी पिपाण्या-तुताऱ्यांची धमाल चाललेली. मी म्हटलं जॅझ. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "हे काय जॅझ? ही तर गिटार आहे, नीट ऐक." चहा होईपर्यंत आमचं भांडण क्वीनच्या एका गाण्यावरून अख्ख्या बँडवर गेलं. एक जण म्हणे हार्ड रॉक, एक म्हणे प्रोग्रेसिव्ह, एक म्हणे शेवटी पॉपच ना. मग ज्युनियर अगदी सहज म्हणाला, "क्वीनला काढूनच टाकू का? तसंही अशी गाणी नसली तर आपली अ‍ॅक्युरसी वाढेल."

ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी आहे. कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. अ‍ॅक्युरसी खरंच वाढली असती. आणि तीच तर अडचण आहे.

आधी बँडची ओळख

ज्यांना क्वीन फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७० साली लंडनमध्ये सुरू झालेला हा बँड. गायक आणि पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, आणि १९७१ पासून बेस गिटारवर जॉन डीकन.

फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, घर पारशी. आणि शाळा? आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच १९५८ च्या सुमारास मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा त्याचा पहिला बँड जमला. म्हणजे रॉकच्या इतिहासातल्या एका मोठ्या गायकाची सुरुवात सातारा जिल्ह्यात झाली. हे आपण उगाचच कमी सांगतो.

बाकीचे तिघं तर आमच्या जातकुळीतले. डीकनने इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदवी घेतली. टेलरने दंतवैद्यक सोडून जीवशास्त्र घेतलं. आणि ब्रायन मे इम्पिरियल कॉलेजात खगोलभौतिकीची पीएचडी करत होता. त्याच्याकडे शेवटी परत येईन.

महत्त्वाची गोष्ट अशी, की हे चौघंही गाणी लिहायचे, आणि चौघांचीही गाणी गाजली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचं, 'वी विल रॉक यू' मेचं, 'रेडिओ गा गा' टेलरचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' डीकनचं. चार डोकी, चार आवडी. एका लेबलाची पंचाईत इथूनच सुरू होते.

पुरावे सगळ्यांच्याच बाजूने

१९७५ चा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' हा अल्बम घ्या. बारा गाणी. सुरुवातीलाच 'डेथ ऑन टू लेग्ज', चांगलंच आक्रमक हार्ड रॉक. लगेच पुढे एक मिनिटभराचं, जुन्या इंग्लिश नाट्यगृहात शोभेल असं गमतीदार गाणं. 'द प्रॉफेट्स साँग' आठ मिनिटांहून मोठं, प्रोग्रेसिव्ह रॉकवाले हक्काने आपलं म्हणतील असं. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे पियानो आणि हार्पवरचं हळवं प्रेमगीत.

'थर्टी-नाइन' हे गाणं ऐकायला लोकगीतासारखं आहे, शेकोटीभोवती बसून म्हणावं असं. पण त्याची गोष्ट अंतराळप्रवाशांची आहे. ते परत येतात तेव्हा त्यांचं वय वर्षभराने वाढलेलं असतं आणि पृथ्वीवर मात्र सुमारे शंभर वर्षं उलटलेली असतात. सापेक्षतेच्या सिद्धांतातला कालविस्तार! (गणित करून पाहिलं. एकास शंभर असा फरक पडायला प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के वेगाने जावं लागेल. पीएचडीच्या विद्यार्थ्याने लिहिलेलं लोकगीत असंच असणार.)

आणि आमचं भांडणाचं मूळ, 'गुड कंपनी'. त्यातला जॅझ बँड खोटा आहे. ती सगळी वाद्यं ब्रायन मेने आपल्या गिटारवर एकेक करून वाजवली आणि एकावर एक रेकॉर्ड केली. त्यासाठी डीकनने टाकाऊ सर्किट बोर्डापासून बनवलेला एक छोटासा अ‍ॅम्प्लिफायर वापरला. म्हणजे मी म्हणाले जॅझ, तेही बरोबर. शेजारचा म्हणाला गिटार, तेही बरोबर.

हा एका अल्बमचा गमतीचा भाग म्हणून सोडून देता येईल. पण पुढे बघा. १९७४ चं 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे सव्वादोन मिनिटांच्या आसपासचं भन्नाट वेगाचं गाणं. मेटॅलिका या मेटल बँडने ते पुढे आपल्या पद्धतीने वाजवलं आणि १९९१ साली त्यासाठी त्यांना ग्रॅमी मिळालं. कुठल्या गटात? सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरण! क्वीनने वाजवलं तेव्हा रॉक, मेटॅलिकाने वाजवलं तेव्हा मेटल. गाणं तेच.

आता १९८० चा 'द गेम' अल्बम. त्यातली दोन गाणी अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. एक 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', पन्नाशीच्या दशकातल्या रॉकाबिलीच्या ढंगाचं. दुसरं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', ज्याचा बेस थेट डिस्को-फंकमधून आलाय. शीक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'चा प्रभाव त्यात स्पष्ट ऐकू येतो. हे दुसरं गाणं अमेरिकेच्या सोल संगीताच्या यादीतही दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. इंग्लंडच्या चार गोऱ्या-पारशी रॉकवाल्यांचं गाणं सोलच्या यादीत!

थोडक्यात, कोणीही उठावं, आपल्या आवडीचं लेबल घ्यावं, त्याच्या बाजूने पाच गाणी काढून दाखवावीत. म्हणून हा वाद कधी संपत नाही. पुरावा कमी पडतो असं नाही, तो फार जास्त आहे.

कॉम्प्युटर काय ऐकतो?

माणसांना बाजूला ठेवू. यंत्राला आवडनिवड नसते, त्यालाच विचारलं तर?

या विषयातला सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोग २००२ चा. जॉर्ज त्झानेटाकिस आणि पेरी कुक या दोघांनी दहा संगीतप्रकार घेतले: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डिस्को, हिपहॉप, जॅझ, मेटल, पॉप, रेगे आणि रॉक. प्रत्येकाचे १०० तुकडे, प्रत्येक तुकडा ३० सेकंदांचा. हा संच आज 'जीटीझॅन' नावाने ओळखला जातो आणि आमच्या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यावर हात साफ करतो.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने आवाज म्हणजे आकड्यांची रांग. या संचात दर सेकंदाला २२,०५० आकडे, म्हणजे ३० सेकंदांच्या एका तुकड्यात ६,६१,५०० आकडे. एवढ्या आकड्यांतून थेट काही कळत नाही. म्हणून त्यांचा सारांश काढायचा. तुकड्याचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहूनही थोडे लहान काप करायचे आणि प्रत्येक कापात कुठल्या वारंवारितेला किती जोर आहे ते मोजायचं. आवाज झगझगीत आहे की मऊ, ठेका किती ठळक आहे, किती वेगाचा आहे, सुरांची वाटणी कशी आहे, असं सगळं. त्झानेटाकिस आणि कुक यांनी प्रत्येक तुकड्यासाठी असे फक्त ३० आकडे ठेवले. १९ आवाजाच्या पोताचे, ६ तालाचे, ५ सुरांचे. साडेसहा लाखांवरून तीस! पुस्तक वाचून त्याचा एका ओळीत सारांश सांगावा तसं.

निकाल? सुमारे ६१ टक्के बरोबर. डोळे मिटून अंदाज केला असता तर १० टक्के आले असते, तेव्हा ६१ काही वाईट नाही. माणसांवर झालेल्या एका प्रयोगात, तीन सेकंदांचे तुकडे ऐकून माणसांनी सुमारे ७० टक्के बरोबर उत्तरं दिली होती. यंत्र अगदीच मागे नव्हतं.

पण मला त्या निबंधातली सगळ्यांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. दहांपैकी सगळ्यांत वाईट ओळखला गेलेला प्रकार होता रॉक. रॉकचे तुकडे इतर सगळ्या फोल्डरमध्ये सांडले होते. लेखकांनीही म्हटलंय, की रॉकचा पसाराच एवढा आहे की हे अपेक्षितच होतं.

आता 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या यंत्राला द्या. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं. पहिली पन्नासेक सेकंद नुसते गळे, वाद्यं जवळजवळ नाहीतच. मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटारचा एकल तुकडा, मग मिनिटभर ऑपेरा, मग पाऊण मिनिट दणदणीत हार्ड रॉक, आणि शेवटी पुन्हा संथ. ३० सेकंद कुठून कापणार? गाण्याच्या अगदी मधोमध कापलंत तर अर्धी गिटार आणि अर्धा ऑपेरा येईल. सुरुवात घेतलीत तर कोरस. चौथ्या मिनिटानंतर घेतलंत तर मेटल म्हणायलाही हरकत नाही. यंत्राचं प्रत्येक उत्तर त्या तुकड्यापुरतं योग्य आणि गाण्यासाठी निरुपयोगी.

हिशेब करणारा घोडा

"पण हे २००२ चं झालं. आता डीप लर्निंग आहे, टक्केवारी नव्वदच्या वर जाते," असं तुम्ही म्हणाल. जाते. पण ती कशामुळे जाते ते बघितलं पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा होता. गणित विचारलं की खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. नंतर १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की घोड्याला गणित येत नव्हतं. योग्य आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि शरीरावर नकळत बदल व्हायचा. घोडा तो ओळखून थांबायचा. उत्तर बरोबर, पण कारण भलतंच.

बॉब स्टर्म या संशोधकाने संगीत ओळखणाऱ्या यंत्रांना नेमका हाच प्रश्न विचारला: हा घोडा तर नाही ना? त्यांनी जीटीझॅन संच बारकाईने तपासला. त्यात काही तुकडे दोनदा आलेले निघाले, काहींना चुकीची लेबलं होती, काहींचा आवाज फाटलेला होता. संच वापरात येऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती आणि त्यावर कितीतरी निबंध छापून आले होते. शिवाय त्यांनी दाखवलं, की माणसाच्या दृष्टीने संगीत बदलणार नाही अशा बेताने आवाजात किरकोळ फेरफार केले तरी चांगलं चालणाऱ्या यंत्राचं उत्तर बदलू शकतं.

यातली दुसरी फसगत क्वीनला तर फारच लागू पडते. समजा, यंत्राला शिकवताना एका अल्बममधली पाच गाणी दिली आणि परीक्षेत त्याच अल्बममधलं सहावं विचारलं. यंत्र बरोबर ओळखेल. पण त्याने काय ओळखलं? तोच स्टुडिओ, तीच माणसं, तसंच मिक्सिंग. ब्रायन मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली आहे, आणि ती तो नेहमीच्या प्लास्टिकच्या पिकऐवजी सिक्सपेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतो. तो आवाज जगात दुसरीकडे सहसा मिळत नाही. यंत्राने हा आवाज पाठ केला तर ते क्वीनची लोकगीतंही 'रॉक'मध्ये बरोबर टाकेल. आपण म्हणू वा, रॉक ओळखायला शिकलं. शिकलं असेल फक्त क्वीन ओळखायला.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. बँडचा आवाज आणि बँडचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्वीनचा आवाज एकच आहे. थरावर थर चढवलेले गळे आणि गिटारी, दोन सेकंदांत ओळखू येतील अशा. प्रकार मात्र गाण्यागणिक बदलतो. आपण चहाच्या टेबलावर भांडतो तेव्हा अर्धे जण आवाजाबद्दल बोलत असतात आणि अर्धे प्रकाराबद्दल.

आवाजाबाहेरचे नियम

मग प्रकार ठरतो कशावर? फ्रँको फॅब्री या इटालियन संगीतशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याचं उत्तर मांडलं, आणि ते अजून वापरलं जातं. त्याच्या मते संगीतप्रकार म्हणजे समाजाने मान्य केलेल्या नियमांचा संच. हे नियम पाच तऱ्हांचे: संगीताच्या रचनेचे आणि तंत्राचे, अर्थाचे, वागण्याचे, समाज आणि विचारसरणीचे, आणि पैशाचे-कायद्याचे. नीट बघा, यातली आवाजात मोजता येईल अशी तऱ्हा मुख्यतः पहिलीच. आमचं यंत्र पाचांपैकी चार गोष्टींना बहिरं आहे.

आपल्याला हे काही परकं नाही. एखादं नाट्यपद बघा. राग तोच, चाल तीच. नाटकात पात्राच्या तोंडी आलं की नाट्यसंगीत, आणि ख्यालाच्या मैफलीत शेवटी कोणी गायलं की लोक म्हणतात बुवांनी शास्त्रीय मैफल रंगवली. स्वरांत फरक शोधत बसलात तर थोडाफार सापडेल, पण लेबल ठरतं जागेवर, श्रोत्यांवर, प्रसंगावर.

हे नियम निरुपद्रवी असतात असंही नाही. अमेरिकेत 'बिलबोर्ड' मासिकाच्या यादीत कृष्णवर्णीयांच्या संगीताचं नाव १९४९ पर्यंत चक्क 'रेस रेकॉर्ड्स' होतं. त्या वर्षी ते 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झालं, पुढे 'सोल'. म्हणजे ज्याला आपण आज संगीतप्रकार म्हणतो त्यातल्या एका मोठ्या खणाची भिंत सुरांनी घातलेली नव्हती. ती कोण गातं आणि कोणाला विकायचं यावरून घातलेली होती. आमचे डेटासेट तयार होतात तेव्हा ही भिंत 'खरं उत्तर' म्हणून आत येते, आणि कॉम्प्युटर तीच पुन्हा शिकतो. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' सोलच्या यादीत गेलं याचं महत्त्व इथे आहे. ऐकणाऱ्यांनी ती भिंत त्या गाण्यापुरती ओलांडली.

उलटही होतं. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्याचा कार्यक्रम झाला आणि लोक मैदानात घुसले. डिस्को हे बऱ्याच अंशी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी श्रोत्यांच्या क्लबांमधून वर आलेलं संगीत होतं, त्यामुळे हा राग फक्त ठेक्यावरचा नव्हता असं अनेक अभ्यासक मानतात. १९८२ मध्ये क्वीनने 'हॉट स्पेस' हा बराचसा डिस्को-फंकच्या अंगाचा अल्बम काढला तेव्हा त्यांचे कितीतरी जुने चाहते नाराज झाले. ऑपेरा चालला, जॅझ चालला, लोकगीत चाललं, आणि डिस्कोचा अख्खा अल्बम मात्र चालला नाही. रॉकच्या खणात काय बसतं याची हद्द तिथे उघड झाली, आणि ती फक्त कानांनी आखलेली नव्हती.

मग क्वीन कुठला बँड?

एवढं सगळं सांगून 'ज्याचं त्याचं मत' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. माझं उत्तर आहे: रॉक बँड. पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी सांगते.

वादात दोन प्रश्न एकत्र झालेले असतात. 'हे गाणं कुठल्या प्रकारचं?' आणि 'हा बँड कुठल्या प्रकारचा?' पहिल्याचं उत्तर गाण्यागणिक वेगळं आहे आणि एकाच गाण्याला दोन-तीन लेबलं लागली तरी बिघडत नाही. दुसऱ्याचं उत्तर बेरीज करून काढता येत नाही. दहा गाण्यांतली चार रॉक, दोन पॉप, म्हणून बँड चाळीस टक्के रॉक, असं नसतं. बँड कुठल्या घरचा हे फॅब्रीच्या बाकीच्या नियमांवर ठरतं. गिटार-बेस-ड्रम्स-गळा अशी मांडणी, अल्बम आणि मोठ्या मैदानातल्या मैफली, तिथे येणारा श्रोता, आणि आपल्याला कोणाच्या रांगेत बसवलेलं चालेल ही बँडची स्वतःची समज. या सगळ्यांत क्वीन रॉकच्या घरचा आहे. २००१ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं ते यामुळेच खटकत नाही.

शिवाय रॉकला उसनवारीची परवानगी बीटल्सच्या काळापासूनच आहे. क्वीनने ती सगळ्यांत उधळेपणाने वापरली, एवढंच.

मानसशास्त्रात एलिनॉर रॉश यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की आपल्या डोक्यातले गट कुंपण घातलेले नसतात. त्यांना मध्य असतो आणि कडा धूसर असतात. 'पक्षी' म्हटलं की आपल्याला चिमणी-कावळा आठवतो. पेंग्विनही पक्षीच, पण तो आठवायला वेळ लागतो. क्वीन हा रॉकचा पेंग्विन आहे. तो उडत नाही म्हणून पक्षी नाही असं म्हणणारे, आणि तो पोहतो म्हणजे मासाच असं म्हणणारे, दोघंही कुंपण शोधतायत.

आमच्या क्षेत्रात हा घोळ रोज होतो. अनेक संचांमध्ये लेबल कलाकाराला लावलेलं असतं आणि तेच त्याच्या प्रत्येक गाण्याला चिकटवलं जातं. बँड रॉक, म्हणून 'गुड कंपनी' रॉक. मग यंत्र चुकलं की आपण यंत्राला दोष देतो.

फोल्डरचं काय झालं

ज्युनियरच्या प्रश्नाकडे परत येते. क्वीनला काढून टाकलं असतं तर काय झालं असतं? अ‍ॅक्युरसी वर गेली असती. निबंधात चांगला आकडा दिसला असता. आणि आमच्या यंत्राने फक्त हे सिद्ध केलं असतं, की ज्या गाण्यांबद्दल कोणाचंच भांडण नाही ती त्याला ओळखता येतात. अवघड रुग्ण आधीच घरी पाठवून हॉस्पिटलचा बरे होण्याचा आकडा वाढवावा तसं.

मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तू तुझ्या पहिल्या वर्षी काय केलं होतंस?"

मी काढली होती. पहिल्या वर्षी, 'संदिग्ध' अशी नोंद करून, एक अख्खं फोल्डर. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती फाइल अजून हार्ड डिस्कवर आहे. गेल्या आठवड्यात मी ती शोधून काढली. क्वीनबरोबर त्यात नेमकी तीच गाणी होती ज्यांच्यामुळे हा विषय अभ्यास करण्यासारखा आहे.

आता ती परत आत घेतली आहेत. एका तुकड्यावर तिघांची तीन लेबलं आली तर तिन्ही ठेवतोय, आणि किती जण सहमत झाले हेही सोबत लिहितोय. मॉडेलचा आकडा खाली आला. गाईडना दाखवला तेव्हा ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "थीसिसमध्ये दोन्ही आकडे टाक. आधीचाही."

हे मला एवढं का लागलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका फेलोशिपच्या फॉर्मवर 'विषय' असा एकच रकाना होता. माझी एमएस्सी भौतिकशास्त्रात, काम कॉम्प्युटरवर, डेटा संगीताचा. एकीकडून अर्ज परत आला की हे भौतिकशास्त्र नाही. दुसरीकडून आला की हे कॉम्प्युटर सायन्स वाटत नाही. 'संदिग्ध' म्हणून मलाच कोणीतरी बाजूच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं. त्या दिवशी फार राग आला होता. मी स्वतः तेच केलं होतं हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

ब्रायन मेने ग्रहांमधल्या धुळीवरची आपली पीएचडी १९७४ च्या सुमारास बँडसाठी अर्धवट सोडली. राशिप्रकाश म्हणतात तो, पहाटे क्षितिजावर दिसणारा अंधुक उजेड या धुळीमुळेच दिसतो. तीस वर्षांहून जास्त काळाने त्याने ते काम पुन्हा हातात घेतलं आणि २००७ मध्ये इम्पिरियल कॉलेजनेच त्याला पीएचडी दिली. तो खगोलशास्त्रज्ञ की गिटारवादक, असं विचारलं तर लोक हसतील.

जमलं तर एक करून बघा. 'गुड कंपनी'चं शेवटचं मिनिट घरातल्या दोघांना वेगवेगळं ऐकवा. एकाला बँडचं नाव आधी सांगा, दुसऱ्याला सांगू नका. मग दोघांनाही विचारा, हे कुठलं संगीत. उत्तरं वेगळी आली तर कोण चुकलं ते ठरवू नका. दोन्ही लिहून ठेवा.